मोजायचंच आहे ना, मग विहीर मोज

गेल्या अंकात या सदराच्या खाली दोन ओळी टाकल्या होत्या, की ऑटिझम (स्वमग्नता) असलेली मुलं सोळा-सतरा वर्षांची झाली की घरात कुठले प्रश्न पडतात ते कळवा. इतकी पत्रं आली की वाचण्यातच दोन आठवडे गेले. लहान मुलांबद्दल, म्हणजे बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, थेरपी कुठली करू, याबद्दल आता बरंच लिहिलं जातं, पण तीच मुलं मिसरूड फुटायच्या वयाला आली की सगळीकडे शांत होतं, शाळा संपते, थेरपिस्ट म्हणतात आम्ही लहान मुलंच घेतो, आणि आईबाबा एकटे पडतात. मी गेली वीस-बावीस वर्षं अशा तरुण मुलामुलींना काम शिकवते, त्यामुळे ही पत्रं वाचताना बरेच चेहरे डोळ्यासमोर आले. पाच पत्रं घेतलीत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न १

ताई, माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, छोटी छोटी वाक्यं बोलतो. त्याला बसच्या वेळापत्रकाचं प्रचंड वेड आहे. कुठला नंबर किती वाजता सुटतो, कधी वेळ बदलली, सगळं पाठ, वह्याच्या वह्या भरून ठेवल्यात. शाळेतून सांगितलं की हे कमी करा नाहीतर तो यातच अडकून राहील, म्हणून मी वह्या कपाटात कुलपात ठेवल्या. तेव्हापासून तो चिडचिडा झालाय, नखं कुरतडतो, रात्री झोपत नाही. मी चुकले का? आणि या वेडाचा पुढे उपयोग तरी काय?

उत्तर

आधी वह्या परत द्या. आज संध्याकाळीच द्या, आणि देताना भाषण नको, "या तुझ्या आहेत, मी घ्यायला नको होत्या" एवढंच म्हणा. मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला जे सांगितलं गेलं ते तुम्ही केलंत. पण त्याच्या बाजूने बघा ना, दिवसभर आवाज, गर्दी, समोरचा नक्की काय म्हणतोय याचा अर्थ लावत बसणं, या सगळ्यात जी एक गोष्ट त्याला पक्की कळते आणि जिथे तो कुणापेक्षा कमी नसतो, नेमकी तीच काढून घेतली. मग झोप उडणारच.

उपयोग काय म्हणता, तर एक जुनी गोष्ट सांगते, मला ती फार जवळची आहे. ऑटिझमची ओळख ज्या लेखाने डॉक्टर मंडळींना करून दिली तो लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञांचा लेख 1943 चा. त्यात 11 मुलांचं वर्णन होतं आणि त्यातला पहिला मुलगा म्हणजे अमेरिकेत मिसिसिपीमधला डोनाल्ड ट्रिपलेट. आकड्यांत बुडालेला, जे दिसेल ते मोजत बसणारा. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. 1945 मध्ये कॅनर स्वतः तिथे जाऊन आले आणि त्या दोघांचं शहाणपण बघून थक्क झाले, हे त्यांनी नंतर 1971 मध्ये लिहून ठेवलंय. त्या दोघांनी मुलाचं मोजणं बंद करायचा प्रयत्नच केला नाही, मोजायला कारण दिलं. मोजायचंच आहे ना, मग विहीर खण आणि किती खोल गेली ते मोजून सांग. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसायचा, तर नांगरता नांगरता मोज. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करून आणायचा, तर त्यांना पुरायला एक जागाच नेमून दिली आणि प्रत्येकावर खुणेची पाटी लावायला सांगितली. पुढे हा डोनाल्ड शिकला, बँकेत काम केलं, सत्ताविसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकला, देशोदेशी फिरला आणि 2023 मध्ये 89 वर्षांचा होऊन गेला. आता हेही सांगायला हवं की बँक घरच्यांची होती, दार आधीपासून उघडं होतं आणि गावाने त्याला आहे तसा सांभाळून घेतला, हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण त्या शेतकरी नवरा-बायकोने जे केलं त्याला घरची बँक लागत नाही, ते तुम्हालाही जमण्यासारखं आहे.

बसचं वेड आहे म्हणजे तो पुढे बस डेपोतच नोकरी करेल असं काही नाही. इथे बऱ्याच घरांत गडबड होते. आवड वरून दिसते, ताकद तिच्याखाली असते. तुमची एक वेगळी वही करा आणि दोन आठवडे फक्त लिहा, तो त्या वेळापत्रकात नक्की काय करतो. जुनी आणि नवी वेळ शेजारी ठेवून फरक शोधतो का? रकाने आखतो का, अक्षर ओळीत बसलं नाही की पान फाडतो का? छापील चूक त्याला खुपते का? की आकड्यांपेक्षा थांब्यावर जाऊन बसून बस बघण्यातच त्याला आनंद आहे? फरक किंवा चूक शोधणारा मुलगा तपासणीच्या कामाचा, रकाने आखणारा नोंदी ठेवण्याच्या, आणि नुसती बस बघण्यात रमणाऱ्याला मी आधी बाहेर हिंडण्याचं, पोचवायचं काम देऊन बघेन. तुमच्या दोन ओळींवरून मला वाटतं की बदल पकडणं ही त्याची खरी ताकद आहे, कारण कधी वेळ बदलली हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत.

मग घरात छोटं काम द्या ज्यात तेच लागतं. औषधांच्या डब्यातल्या सगळ्या एक्सपायरी तारखा तपासून संपलेली बाजूला काढणं. विजेच्या मीटरचं रीडिंग दर रविवारी एकाच वेळी घेऊन तक्त्यात भरणं. आणि हे काम खरंच लागणारं असू दे हं, त्याने काढलेली जुनी औषधं तुम्ही त्याच्यासमोर बाजूला केली पाहिजेत, नुसतं शाबास म्हणून डबा परत जागेवर ठेवला तर त्याला ते कळतं.

घरात जमलं की बाहेर न्या, आणि लवकर न्या. हे मी स्वतः चुकून शिकलेय. एका मुलाला मी आमच्या सेंटरमध्ये सहा महिने सामान वेगळं लावायला शिकवलं, निळ्या टोपल्या, टेबल भिंतीला लागून, इतकं सफाईदार करायचा की मला भारी वाटायचं. प्रत्यक्ष गोदामात गेलो तर टोपल्या करड्या होत्या आणि टेबलच नव्हतं, आणि तो मुलगा हात खाली सोडून उभा राहिला. त्याला काम येत होतं, पण त्याच्यासाठी निळी टोपली हा त्या कामाचाच भाग होता, आणि मी सहा महिने तेच पक्कं करत बसले होते. त्या मुलाचे सहा महिने गेले याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी आठवड्यातून दोन तास का होईना पण खऱ्या जागी, खऱ्या सामानावर सुरू करते आणि तिथेच शिकवते.

आता लायब्ररीतल्या एका मुलाचं सांगते, तुमच्या मुलासारखाच आकड्यांचा. परत आलेली पुस्तकं नंबरप्रमाणे रॅकमध्ये लावायचं काम. लावायचा अचूक, चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक चालता चालता त्याच्या नजरेत भरायचं. अडायचं कुठे, तर कुणी येऊन "अमुक पुस्तक कुठे आहे हो" विचारलं की तो गारठायचा आणि मग त्या दिवशीचं काम थांबायचं. सगळे म्हणाले याचं संभाषण सुधारा. आम्ही त्याच्या शर्टाच्या खिशात एक कार्ड ठेवलं, "मी पुस्तकं लावतोय, कृपया काउंटरवर विचारा", आणि कुणी आलं की कार्ड दाखवायचं एवढं शिकवलं. चार दिवस लागले. आज तो तिथे पाचव्या वर्षात आहे, आणि गंमत म्हणजे आता बऱ्याचदा कार्ड न काढता बोटाने रॅक दाखवून देतो, ते त्याचं त्यानेच सुरू केलं.

एक मात्र जपा. त्याचं सगळंच वेड कामाला जुंपू नका. रात्री झोपायच्या आधी तो वही उघडून बसत असेल तर तो त्याचा विसावा आहे, तिथे तक्ता घेऊन जाऊ नका.

प्रश्न २

मुलगी एकोणीस वर्षांची. तिला सगळं येतं हो, अंघोळ, कपडे, अंथरूण, पण सांगितल्याशिवाय हलत नाही. साबण घे, आता पाठ, आता नळ बंद कर, असं तिची आई दारात उभी राहून प्रत्येक गोष्ट सांगते. आळशी आहे का? बायको दमून गेली आहे.

उत्तर

आळशी नाहीये. तिला अंघोळीच्या पायऱ्या येतात, पण एवढ्या वर्षांत आईचा आवाज हीसुद्धा तिच्या डोक्यात एक पायरी होऊन बसलीये. साबण, मग आवाज, मग पाठ, मग आवाज. आवाज आला नाही तर तिच्या हिशोबाने ती पायरी अजून व्हायचीये, म्हणून थांबते. आमच्या कामात हे फार बघायला मिळतं, आणि तोंडाने सांगायची सवय ही मोडायला सगळ्यात चिवट, कारण चित्र भिंतीवर गप्प राहतं, माणसाला गप्प राहवत नाही.

म्हणून आवाज काढून त्याजागी डोळ्यांना दिसणारं काहीतरी ठेवायचं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये एरिक शॉपलर यांनी 1972 मध्ये ऑटिस्टिक मुलांसाठी टीच नावाचा कार्यक्रम उभा केला, त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मी रोज वापरते. कुठलंही काम मांडताना चार गोष्टी बघून कळल्या पाहिजेत, काय करायचंय, किती करायचंय, संपलं हे कसं ओळखायचं, आणि संपल्यावर काय. तुमच्या मुलीला पहिली माहीत आहे, बहुतेक तिसरी आणि चौथी माहीत नाही. पाठ घासणं संपतं कधी? आपल्याला अंदाज असतो, तिला नसतो. दहा वेळा हात फिरवला की झालं, असं ठरवून दिलं की तिचं तिला कळतं.

सुरुवात मात्र अंघोळीपासून करू नका, तिथे आधीच सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आलाय. तिला आवडणारं आणि चुकलं तरी बिघडत नाही असं काम घ्या. एका मुलीबरोबर आम्ही वॉशिंग मशीन घेतलं होतं. बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका, पावडरच्या मापावर लाल रेघ, आणि मशीनच्या झाकणावर पाच फोटो, तिच्याच हातांचे काढलेले, प्रत्येक काम झालं की फोटो उलटा करायचा. शिकवलं शेवटून. म्हणजे पहिल्या दिवशी सगळं आम्ही केलं आणि धुतलेले कपडे बाहेर काढणं तेवढं तिने, संपल्याचा आनंद तिचा. ते पक्कं झाल्यावर त्याच्या आधीची पायरी, मग त्याच्या आधीची. आईला सांगितलं होतं की समोर उभं राहायचं नाही, मागे राहायचं, अडली तर मनात दहापर्यंत मोजायचं आणि तरीही अडली तर न बोलता फोटोकडे बोट. त्या माऊलीने अक्षरशः स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. सातव्या आकड्याला मुलीने स्वतः फोटोकडे बघितलं आणि झाकण लावलं. आपण एरवी तिसऱ्या आकड्याला बोलून मोकळे होतो, तो सातवा आकडा त्यांना मिळतच नाही.

मग हेच अंघोळीला लावा, पाण्याने खराब न होणारं कार्ड करून. आणि यात फक्त बायकोची दमणूक वाचणार नाहीये. एकोणीस वर्षांच्या मुलीने बाथरूमचं दार आतून लावलं पाहिजे, आत कुणी येऊ नये हे तिच्या अंगवळणी पडलं पाहिजे. ज्या मुलीला अंघोळीच्या वेळी कुणीतरी दारात असतंच हेच माहीत आहे तिला उद्या चुकीचा माणूस दारात आला तर ते चूक आहे हे कळणार कसं? मासिक पाळीचंही असंच कार्ड करा, पॅड कधी बदलायचं ते घड्याळाशी बांधा, भावनेशी नको.

प्रश्न ३

मॅडम, मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय 23, निदान 21 व्या वर्षी झालं. मला तू म्हणा. कॉम्प्युटरची डिग्री चांगल्या मार्कांनी आहे. सात इंटरव्ह्यू दिले, सातही गेले. स्वतःबद्दल सांगा म्हटलं की डोकं कोरं होतं. एका ठिकाणी म्हणाले तुम्हाला इंटरेस्ट दिसत नाही. घरचे म्हणतात नजरेला नजर देण्याची प्रॅक्टिस कर. ऑटिझम आहे हे आधी सांगू का?

उत्तर

तुझं पत्र नीट मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे उत्तरही तसंच देते. इंटरव्ह्यूमध्ये कामाची परीक्षा होतच नाही, अनोळखी माणसाशी वीस मिनिटं गप्पा मारण्याची होते, आणि तू ज्या कामासाठी गेलास त्यात बहुतेक ते लागणारच नव्हतं. 2012 मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने एक मुद्दा मांडला, की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण धरून चालतो, पण इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन तितकंच कळत नाही, दरी दोन्ही बाजूंनी आहे. तुझा चेहरा वाचता न येणं ही त्या सात टेबलांपलीकडच्या लोकांचीही अडचण होती. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, यावरून पुढे काय करायचं ते ठरतं.

बोलून दाखवायच्या ऐवजी करून दाखवायची संधी माग. डेन्मार्कमध्ये थॉरकिल सोन या गृहस्थांनी, मुलगा ऑटिस्टिक म्हणून, 2004 मध्ये स्पेशलिस्टर्ने नावाची कंपनी काढली, तिथे नेहमीच्या इंटरव्ह्यूऐवजी उमेदवारांना लेगोचे रोबो बांधायला आणि चालवायला देऊन त्यांची पद्धत बघायचे. आता काही मोठ्या कंपन्याही ऑटिस्टिक लोकांना असं काम देऊन पारखतात. टेंपल ग्रँडिन, 1947 मध्ये जन्मलेल्या, स्वतः ऑटिस्टिक, गुरांना न घाबरवता हाताळायच्या जागांचे आराखडे करण्यात ज्यांचं मोठं नाव आहे, त्या कायम सांगतात की मी स्वतःला नाही विकलं, माझी ड्रॉइंग्ज समोर ठेवली. तू तीन छोटे प्रोजेक्ट पूर्ण करून ठेव, प्रत्येकाबरोबर एक पान, अडचण काय होती आणि मी ती कशी सोडवली. अर्जासोबत पाठव. आणि "स्वतःबद्दल सांगा"ला उत्तर लिहून पाठ करण्यात काहीच कमीपणा नाही, चार वाक्यं, त्यातलं शेवटचं प्रोजेक्टवर जाऊन थांबेल असं.

सांगायचं की नाही हा निर्णय तुझा, घरच्यांचाही नाही आणि माझाही नाही. जिथे नुसतं नाव सांगितलं की समोरच्याच्या डोक्यात कुठलंतरी भलतंच चित्र उभं राहतं तिथे मी मुलांना गरज सांगायला शिकवते. "मला प्रश्न आधी लिहून मिळाले तर उत्तरं चांगली देता येतात." "मी खाली बघून विचार करतो, लक्ष तुमच्याकडेच असतं." हे दुसरं वाक्य सुरुवातीलाच म्हणालास तर इंटरेस्ट नाही हा गैरसमज बराच कमी होईल. जिथे कंपनी स्वतःच विचारते की काही सोय हवी आहे का, तिथे नाव सांगायला हरकत वाटत नाही.

नजरेची प्रॅक्टिस करू नकोस. मी आधी मुलांना करायला लावायचे, आता नाही लावत. डोळ्यात बघायचं सांभाळता सांभाळता समोरचा काय बोलला तेच निसटतं असं इतक्या जणांनी सांगितलंय. दिवसभर नॉर्मल दिसण्याचं सोंग सांभाळण्यात इतकी शक्ती जाते की चांगली नोकरी मिळालेली मुलं सहा-आठ महिन्यांत कोसळतात, घरी आली की बोलणंही बंद होतं, आणि लोक म्हणतात काम झेपलं नाही, काम झेपत होतं रे, सोंग झेपलं नाही. म्हणून नोकरी लागल्यावर पहिले तीन महिने संध्याकाळी काहीही लावून घेऊ नकोस, हेडफोन वापरायचे असतील तर पहिल्याच आठवड्यात विचारून घे, आणि कुणी "हे अर्जंट आहे" म्हटलं की "आज संध्याकाळपर्यंत की उद्या?" असं विचारायची सवय कर.

प्रश्न ४

तुमच्याकडे अशी हुशार मुलांची उदाहरणं असतात. आमचा अठरा वर्षांचा मुलगा एक शब्द बोलत नाही, शी-शूलाही सोबत लागते, दिवसभर नळ सोडून पाण्याखाली हात धरून बसतो. त्याच्या बाबतीत स्वावलंबन वगैरे शब्द वाचले की वाईट वाटतं. त्याची कुठली ताकद शोधायची?

उत्तर

तुमचं वाईट वाटणं खरं आहे आणि आमच्यासारख्यांच्या लिहिण्यामुळे ते वाढतं हेही खरं. विलक्षण स्मरणशक्ती किंवा चित्रकला असलेले ऑटिस्टिक लोक थोडे असतात, पण गोष्टी त्यांच्याच छापून येतात. तुमच्या मुलाला पुढेही रोज माणूस लागेल, कदाचित आयुष्यभर. ते मी झाकून ठेवणार नाही.

तरीही तुम्ही स्वतःच पत्रात एक गोष्ट लिहिलीत, पाणी. त्याला पाण्याखाली हात धरून तासभर एका जागी बसता येतं, हे लहानसहान नाही. तुमच्या मुलासारख्याच एका मुलाला, तोही न बोलणारा, आम्ही एका रोपवाटिकेत नेलं. एक कुंडी, एक छोटा डबा पाणी, पाणी घातलं की कुंडीच्या कडेला कपड्यांचा चिमटा लावायचा. डबा लहान म्हणून पाणी जास्त पडायची भीती नाही, आणि चिमटा दिसला की ही झाली, पुढची. पिशवीतले चिमटे संपले की काम संपलं. पहिले दोन आठवडे तो पाणी घालायच्या आधी प्रत्येक वेळी डब्यात हात बुडवून बसायचा आणि आम्ही बसू दिलं. आता वीस कुंड्या करतो, सोबतीचा माणूस दहा पावलांवर बसलेला असतो. पूर्वी हाताला धरून होता, आता दहा पावलांवर. हे अंतर म्हणजे त्याचं स्वावलंबन, असं मी मानते.

अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका मुलांच्या हॉस्पिटलमध्ये 1996 मध्ये प्रोजेक्ट सर्च हा तरुणांना प्रत्यक्ष कामाच्या जागी काम शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला तो असाच, इमर्जन्सी विभागात संपलेलं सामान पुन्हा पुन्हा भरून ठेवायचं काम होतं आणि तिथल्या प्रमुख बाईंना वाटलं की बौद्धिक अडचण असलेले तरुण हे उत्तम करतील. आज ती पद्धत अनेक देशांत वापरतात. तोच तोच पणा, ज्याचा इतरांना कंटाळा येतो, तिथे या मुलांची जागा निघते.

पण कामाच्याही आधी एक गोष्ट बघा, त्याला "नको" म्हणता येतं का? बोलून नाही, कशानेही. चित्राचं कार्ड, टॅबवरचं बटण, हाताची खूण. टॅब दिला तर बोलणं कायमचं राहील अशी भीती घरोघरी असते, तिला आधार नाही, उलट काही मुलांचं बोलणं त्याने थोडं वाढतं. आणि त्याने नको दाखवलं की सुरुवातीला दर वेळी ऐका, अगदी गैरसोय झाली तरी ऐका. ज्याचं नको कुणी ऐकत नाही त्याच्याकडे मग चावणं आणि डोकं आपटणं एवढंच उरतं.

आणि अचानक वागणं बिघडलं तर आधी अंग तपासा. दात, कान, पोट साफ न होणं. न बोलणाऱ्या मुलाची दाढ दुखत असेल तर ते रागासारखंच दिसतं. या वयात काही मुलांना फिट्स नव्याने सुरू होतात, मध्येच शून्यात बघत राहणं, हाक मारली तरी न कळणं असं काही दिसलं तर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

प्रश्न ५

मी बहीण आहे, माझा ऑटिस्टिक भाऊ चोवीस वर्षांचा. बोलतो, पार्टटाइम काम करतो. आईबाबा सगळ्यांसमोर म्हणतात आमच्यानंतर हीच बघणार. मला तो खूप आवडतो, पण मला कुणी विचारलंच नाही. असं वाटणं स्वार्थी आहे का?

उत्तर

अजिबात नाही. आणि तुझ्याइतकंच त्यालाही कुणी विचारलेलं नाही, हे लक्षात घे. त्याला तुझ्याकडे राहायचंय का? की एखाद्या मित्राबरोबर, मदतनीस ठेवून? चोवीस वर्षांचा कमावता माणूस आहे तो. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जो करार 2006 मध्ये झाला त्याचं बारावं कलम हेच सांगतं, की निर्णय घ्यायला मदत लागत असेल तर मदत द्या, त्याच्या जागी निर्णय घेऊन टाकू नका.

आईबाबांशी भांडत बसण्यापेक्षा दोन गोष्टी सुरू करा, ते धडधाकट आहेत तोवर. एक म्हणजे त्याने आईबाबांशिवाय राहायचा सराव, आधी एक रात्र, मग दोन, आणि दर वेळी सोबत वेगळं माणूस, फक्त तू नाही. मावशी, त्याच्या कामावरचा सहकारी, पगारी मदतनीस, निदान चार माणसांना त्याची सवय हवी. एकट्या बहिणीवर उभी केलेली व्यवस्था तुझ्या एका आजारपणात कोसळेल, हे आईबाबांना असंच सांग, त्यांना ते पटेल, कारण त्यांची भीतीही तीच आहे.

दुसरं, त्याच्याबरोबर बसून एक पान लिही. मला काय जमतं, मला कशात मदत लागते, मी घाबरलो की काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. नव्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी ते पान पडलं पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने असं पान केलं तेव्हा आईने लिहून आणलं होतं, "त्याला आवाजाचा त्रास होतो". त्याने पेन घेतलं, ते खोडलं आणि लिहिलं, "मला मिक्सरचा आवाज चालतो, सांगून लावला तर." चोवीस वर्षं त्या घरात मिक्सर त्याच्यापासून लपवून, दार लावून चालवत होते. तुझ्या भावाच्या पानावर पेन त्याच्याच हातात दे.